कॅनडा फॅमिली स्पॉन्सरशिप : सुरक्षा तपासणीत अडकलेली फाइल

नोंदवही

जोडीदार, मुलं किंवा आई-वडिलांसाठी कॅनडाच्या पीआरचा (कायमच्या वास्तव्याचा) अर्ज भरला, बायोमेट्रिक्स झालं, मेडिकल पास, एलिजिबिलिटी (पात्रता) पास, आणि मग ऑनलाइन ट्रॅकरवर 'बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन : इन प्रोग्रेस' ही एकच ओळ महिनोन्महिने. यावरचे प्रश्न या फोरमवर चार धाग्यांत विखुरलेत, म्हणून हा स्वतंत्र धागा. 'आमचंही तेच' एवढंच लिहू नका. प्रवर्ग कोणता, अर्जदार कुठे राहतो, फाइलवरच्या नोट्स मागवल्या का आणि त्यात काय दिसलं, एवढं लिहिलंत तर कुणीतरी नेमकं उत्तर देऊ शकेल. युसीआय (इमिग्रेशन खात्यानं अर्जदाराला दिलेला क्रमांक), अर्ज क्रमांक, पासपोर्ट क्रमांक इथे टाकू नका.

आधी रचना समजून घेऊ. 'बॅकग्राउंड'च्या पोटात दोन तपासण्या असतात. 'क्रिमिनॅलिटी' म्हणजे पोलिस क्लिअरन्स, बोटांचे ठसे, आरसीएमपीकडची (कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांकडची) नोंद. ही बहुधा लवकर उरकते. 'सिक्युरिटी' म्हणजे इमिग्रेशन कायद्याची कलमं ३४, ३५ आणि ३७ : हेरगिरी-दहशतवाद, मानवी हक्कांचं उल्लंघन, संघटित गुन्हेगारी. आयआरसीसीच्या (इमिग्रेशन खात्याच्या) अधिकाऱ्याला फाइलमध्ये ठरावीक खुणा दिसल्या की तो ती सीबीएसएच्या (सीमा सेवा संस्थेच्या) नॅशनल सिक्युरिटी स्क्रीनिंग डिव्हिजनकडे आणि सीएसआयएसकडे (गुप्तचर संस्थेकडे) पाठवतो. सीबीएसएची शिफारस तीनपैकी एक असते : अनुकूल, प्रतिकूल किंवा अनिर्णित. निर्णय मात्र आयआरसीसीचाच. या तपासणीला कायद्यात कालमर्यादा नाही, आणि संकेतस्थळावरचा 'प्रोसेसिंग टाइम' बहुसंख्य अर्जांवरून काढलेला असतो. तपासणीला गेलेल्या फाइलनं त्याच्याकडे बघून दिवस मोजण्यात अर्थ नाही.

त्यामुळे पहिला प्रश्न एकच : फाइल या घडीला कुणाच्या टेबलावर आहे? आयआरसीसीनं अजून पाठवलीच नाही, सीबीएसए-सीएसआयएसकडे आहे, की उत्तर येऊनही आयआरसीसीतच पडून आहे? तिन्हींचे उपाय वेगळे. हे न शोधता वेबफॉर्मवर वेबफॉर्म (आयआरसीसीला ऑनलाइन लिहायचा फॉर्म) टाकणारे बहुतेक जण चुकीचं दार ठोठावत असतात.

तिसराकप

टेबल कुणाचं हे कळणार कसं? ट्रॅकर तर काहीच बोलत नाही. मधेच तारीख बदलते, आत उघडून बघावं तर सगळं जैसे थे.

लालफीत

त्याला सगळे 'घोस्ट अपडेट' म्हणतात. फाइलला कुणीतरी हात लावला एवढाच त्याचा अर्थ, कधी तोही नाही. त्यावरून भविष्य काढू नका.

खरी माहिती जीसीएमएस नोट्समध्ये, म्हणजे आयआरसीसीच्या संगणक प्रणालीत तुमच्या फाइलवर केलेल्या नोंदींमध्ये. मिळवायचे दोन मार्ग :

१) प्रायव्हसी ॲक्टखाली. जुलै २०२२ पासून कॅनडाबाहेरच्या परदेशी अर्जदारालाही स्वतःची माहिती थेट मागता येते. फी नाही. अर्जदार भारतात असेल तर त्यानं स्वतःच्या नावानं ऑनलाइन विनंती करायची, सोबत ओळखीचा पुरावा.

२) ॲक्सेस टू इन्फर्मेशन ॲक्टखाली. मागणारा कॅनडाचा नागरिक, पीआर किंवा कॅनडात असलेला हवा, फी ५ डॉलर. स्पॉन्सर जोडीदाराच्या वतीनं मागणार असेल तर अर्जदाराच्या सहीचा संमतीचा फॉर्म, आयएमएम ५७४४, जोडावा लागतो. फॉर्मवरची सही पासपोर्टवरच्या सहीशी जुळत नसेल तर विनंती तिथेच अडकते.

कायद्यानं उत्तराची मुदत ३० दिवस. मुदतवाढ घेतात आणि ती कळवतात. विनंतीत 'माझी फाइल द्या' असं मोघम लिहू नका. अर्ज क्रमांक आणि युसीआय देऊन 'सर्व जीसीएमएस नोट्स, अधिकाऱ्यांच्या नोंदी आणि सिक्युरिटी स्क्रीनिंगसंबंधी नोंदी' असं लिहा.

हे झालं आयआरसीसीचं. सीबीएसएकडे वेगळी विनंती करा. हे फार कमी लोक करतात, आणि हवी ती तारीख बऱ्याचदा तिथेच सापडते : आयआरसीसीकडून विनंती कधी आली आणि काम संपलं असेल तर उत्तर कधी परत गेलं. सीएसआयएसकडेही मागता येतं, पण तिथून 'अशी माहिती आहे किंवा नाही, यातलं काहीच सांगू शकत नाही' या छापाचं उत्तर यायची तयारी ठेवा. त्यावरून घाबरण्यासारखं काही नसतं, तो त्यांचा ठरलेला मजकूर आहे.

बर्फवृष्टी

नोट्स आल्यावर काय वाचायचं ते लिहितो. पानं बरीच असतात, निम्मी कोरी किंवा काळी.

पहिल्या काही पानांत एलिजिबिलिटी, सिक्युरिटी, क्रिमिनॅलिटी आणि मेडिकल यांची स्थिती एकेका शब्दात असते. सिक्युरिटीपुढे 'नॉट स्टार्टेड' असेल तर चेंडू आयआरसीसीच्या कोर्टात. अधिकाऱ्यानं अजून काही पाठवलेलंच नाही. 'इन प्रोग्रेस' असेल तर पुढे मजकुरात कधी आणि कुठे पाठवलं ते शोधा. 'पास्ड' असूनही फाइल हलत नसेल तर कारण सुरक्षा तपासणी नव्हेच : मुदत संपलेलं मेडिकल, एखादं मागवलेलं कागदपत्र किंवा निव्वळ रांग.

मग शेवटच्या नोंदी, तारखेसह. 'बीएफ' असं लिहून पुढची तारीख दिसली तर त्या दिवशी फाइल पुन्हा बघायची खूण ठेवलेली आहे. ती तारीख उलटून दोन-तीन महिने झाले आणि नवी नोंद नाही, तर वेबफॉर्ममध्ये तिचा उल्लेख करायचा. 'माझ्या अर्जाचं काय झालं' यापेक्षा त्या एका तारखेला जास्त वजन असतं.

झाकलेल्या मजकुराशेजारी कलम छापलेलं असतं. ॲक्सेस ॲक्टच्या १५(१) किंवा १६(१)खाली झाकलंय, किंवा प्रायव्हसी ॲक्टच्या २१-२२खाली, तर तिथे सुरक्षा संस्थांशी झालेला पत्रव्यवहार असण्याची शक्यता दाट. पण झाकलेलं म्हणजे वाईट, असं नाही. अनुकूल उत्तरही तसंच झाकतात.

पानवेल

आई-वडिलांच्या अर्जाबद्दल. वडील राज्य पोलिसातून किंवा राज्य राखीव दलातून निवृत्त असतील तर तपासणी होतेच का? फॉर्ममध्ये नुसतं 'गव्हर्नमेंट सर्व्हिस, रिटायर्ड' लिहिलेलं चालतं का?

सुभेदारमेजर

नाही चालत. आपल्याकडच्या पालकांच्या फाइली लांबण्याचं हे फार मोठं कारण, आणि बहुतेक वेळा टाळता येण्यासारखं.

आयएमएम ५६६९, म्हणजे शेड्यूल ए (पार्श्वभूमीच्या माहितीचा फॉर्म), त्यात सरकारी पदांचा रकाना वेगळा आणि लष्करी-निमलष्करी सेवेचा वेगळा. सरकारी पदांच्या प्रश्नात पोलिसही येतात. सैन्य, सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, राज्य राखीव दल, जिल्हा पोलिस, होमगार्ड : प्रत्येक नेमणूक वेगळ्या ओळीत. कधीपासून कधीपर्यंत, युनिट किंवा ठाणं, हुद्दा, वरिष्ठ अधिकाऱ्याचं नाव, सेवा कशी संपली. सैन्यात असताना प्रत्यक्ष लढाईच्या भागात नेमणूक असेल तर त्याच्या तारखा आणि ठिकाण. आयआरसीसी त्यावर आणखी आयएमएम ५५४६ मागवू शकते. त्यात हाच तपशील अधिक खोलात असतो.

वडिलांना पंचवीस वर्षांपूर्वीच्या वरिष्ठांचं नाव आठवत नाही ही नेहमीची अडचण. अंदाजानं नाव ठोकून देऊ नका. सेवापुस्तकाची प्रत, पेन्शन पेमेंट ऑर्डर, डिस्चार्ज बुक, बदलीचे आदेश यांतून जेवढं मिळेल तेवढं भरा, आणि उरलेल्यासाठी एका पानाचं स्पष्टीकरण जोडा : 'या काळातल्या अधिकाऱ्याचं नाव उपलब्ध नाही, युनिट आणि ठिकाण असं असं.' मोकळा रकाना शंका वाढवतो, समजावलेला मोकळा रकाना तितकी वाढवत नाही.

पोलिस किंवा सैन्यात होते म्हणून नकार येत नाही. कलम ३५ मानवी हक्कांच्या उल्लंघनाबद्दल आहे, त्यामुळे कोणत्या दलात, कुठे आणि कधी, हे त्यांना बघावंच लागतं. तपशील जितका सुटसुटीत, तितका बघायला वेळ कमी. उलट 'सरकारी नोकरी' असं मोघम लिहून पुढे कुठे पोलिस खात्याचं पेन्शन दिसलं, तर प्रश्न सुरक्षेचा न राहता माहिती लपवल्याचा होतो. कलम ४०, पाच वर्षांची बंदी.

तिसराकप

आणि लिपिक, शिक्षक, एसटी किंवा वीज मंडळातले?

सुभेदारमेजर

जिल्हा परिषदेचा शिक्षक असो की मंत्रालयातला कारकून, सरकारी पदांच्या रकान्यात भरावं : पातळी केंद्र, राज्य की स्थानिक, खातं, पद, काम. महामंडळाबद्दल शंका असेल तर भरलेलं बरं. जास्त भरल्यानं कुणाचा अर्ज फेटाळलेला नाही. संघटनांच्या रकान्यातही तेच. विद्यार्थी संघटना, कामगार संघटना, व्यावसायिक संस्था, गावच्या मंडळाची कार्यकारिणी, सगळं पूर्ण नावानं. लघुरूपं नकोत. आपल्याला सरळ वाटणारी तीन इंग्रजी अक्षरं तिकडच्या माणसाला शोधून काढावी लागतात, आणि शोधताना भलतंच काही सापडू शकतं.

दोनआडनावं

नावांबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

आपल्याकडे लग्नानंतर आडनावच नाही, काही घरांत पहिलं नावही बदलतं, आणि मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. म्हणजे एका बाईची शाळेच्या दाखल्यावर एक, जुन्या पासपोर्टवर दुसरं, आधारवर तिसरं अशी नावं. पासपोर्टमध्ये कधी मधलं नाव 'गिव्हन नेम'मध्ये घुसलेलं असतं, कधी नसतंच. आयएमएम ०००८ (मुख्य अर्जाचा फॉर्म) मध्ये 'दुसरं कोणतं नाव वापरलंय का' या प्रश्नाला अनेक जणी सवयीनं 'नाही' लिहितात. माहेरचं पूर्ण नाव, लग्नानंतर बदललेलं पहिलं नाव, स्पेलिंगचे फरक, सगळं तिथे यायला हवं. त्यासोबत राजपत्राची प्रत, विवाह प्रमाणपत्र किंवा 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र.

दुसरी गोष्ट पालकांच्या जन्मतारखेची. जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकलेली माणसं घरोघरी आहेत. नेहमीचं नाव, नेहमीचं आडनाव आणि १ जून ही जन्मतारीख, म्हणजे तिन्ही गोष्टी जुळणारी माणसं भरपूर. नाव जुळलं की 'हा तो नव्हे' हे हातानं ठरवावं लागतं. आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव, जुने पत्ते हे सगळं सगळ्या फॉर्मांत एकसारखं असेल तर ते काम सोपं होतं. आयएमएम ५४०६ (कुटुंबाच्या माहितीचा फॉर्म) मधलं वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आणि ५६६९ मधलं स्पेलिंग वेगळं, हे तर सर्रास.

नोंदवही

उत्तम. यात एक भर घालतो, मधे राहणाऱ्या रिकाम्या काळाची. ५६६९ मध्ये मागची दहा वर्षं, किंवा वय १८ पासून, यातलं जे अलीकडचं ते, महिनावार भरायचं असतं. मधे एक महिनाही रिकामा नको. 'गृहिणी', 'निवृत्त', 'नोकरीच्या शोधात', 'परीक्षेची तयारी' हेही लिहायचं. पत्त्यांचंही तसंच. आखातात दीड वर्ष काम केलं आणि पत्त्यांच्या यादीत मात्र तो काळ गावचाच पत्ता, अशी विसंगती अधिकाऱ्याला लगेच दिसते.

अर्ज आधीच गेलाय आणि आता चूक सापडली, तर त्यांनी विचारायची वाट पाहू नका. वेबफॉर्मनं दुरुस्त ५६६९, नव्या सही-तारखेसह, आणि एक पानाचं पत्र : अर्ज क्रमांक, कोणत्या रकान्यात काय राहिलं, बरोबर माहिती काय, पुरावा कोणता. तीन-चार परिच्छेदांत उरका. स्वतःहून केलेली दुरुस्ती आणि पकडल्यावर दिलेलं स्पष्टीकरण यांत फरक केला जातो.

कुंपणावरचा

मी तर म्हणेन दर आठवड्याला वेबफॉर्म टाका. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही.

लालफीत

कुंपणावरचे, इथे उलटं होतं. प्रत्येक वेबफॉर्म कुणीतरी उघडून फाइलला जोडायचा असतो. दर आठवड्याच्या 'कृपया स्टेटस सांगा'ला उत्तर ठरलेलं : 'तुमचा अर्ज प्रक्रियेत आहे.' त्या ढिगाऱ्यात खरी महत्त्वाची गोष्ट, नवा पासपोर्ट किंवा बाळाचा जन्म, हरवायची भीती.

वेबफॉर्म कधी टाकावा :
– पासपोर्ट, पत्ता, नोकरी, वैवाहिक स्थिती बदलली तर लगेच
– बाळ झालं तर त्याच आठवड्यात
– एखाद्या नव्या देशात सलग सहा महिने राहणं झालं तर, कारण तिथलं पोलिस प्रमाणपत्र लागणार
– नोट्समध्ये 'नॉट स्टार्टेड' किंवा उलटलेली बीएफ तारीख दिसली तर, त्या नोंदीचा हवाला देऊन
– जाहीर प्रोसेसिंग टाइम उलटल्यावर एकदा, मग चार-सहा महिन्यांनी

फाइल सीबीएसएकडे असताना आयआरसीसीला रोज लिहिलं तरी त्यांच्या हातात काही नसतं.

मोगरा

मेडिकलला वर्ष होत आलं. स्वतःहून पुन्हा करून टाकावं का?

बर्फवृष्टी

नको. मेडिकल १२ महिने चालतं हे बरोबर, पण सुरक्षा तपासणी उघडी असताना नवं केलंत तर तेही वाट बघताबघता संपेल. सूचनापत्र आल्यावरच करा, आणि पत्रातली मुदत पाळा. पोलिस क्लिअरन्सचंही तेच. मागितल्याशिवाय नवं काढू नका, पण मागितलं तर लगेच काढता यावं म्हणून पासपोर्टवरचा पत्ता सध्याच्या पत्त्याशी जुळता ठेवा. पासपोर्ट सेवा केंद्रातली फी ५०० रुपये आहे, वेळ जातो तो पोलिस पडताळणीत. पत्ता वेगळा असेल तर ठाणंच बदलतं.

पानवेल

खासदारांच्या ऑफिसचा उपयोग होतो का? मुलगी कॅनडात पीआर आहे, नागरिक नाही. तिचं ऐकतील?

लालफीत

ऐकतात. मतदार असायची अट नाही, मतदारसंघात राहत असलं की पुरे. पोस्टल कोडवरून खासदार शोधायचा, मतदारसंघातल्या ऑफिसला लिहायचं, इमिग्रेशनचं काम बघणारा माणूस तिथे असतो. त्यांचा संमतीचा फॉर्म किंवा आयएमएम ५४७५ अर्जदार आणि स्पॉन्सर दोघांच्या सहीनं द्यावा लागतो.

खासदार तपासणीला वेग देऊ शकत नाही की अनुकूल करून आणू शकत नाही. आयआरसीसीनं खासदारांच्या कार्यालयांसाठी ठेवलेल्या वाटेनं ते प्रश्न विचारू शकतात, आणि उत्तर वेबफॉर्मपेक्षा बरं येतं. म्हणून प्रश्न आपणच लिहून द्यायचे : सिक्युरिटीसाठी फाइल कधी पाठवली? उत्तर आलंय का? आयआरसीसीच्या बाजूनं आमच्याकडून काही बाकी आहे का? मेडिकलला मुदतवाढ दिली जाईल का? 'खूप त्रास होतोय, लवकर करा' या पत्राला 'प्रक्रियेत आहे' हेच उत्तर येतं. एकाच वेळी दोन खासदार, मंत्री आणि वेबफॉर्म असं सगळीकडून सुटू नका. उत्तरं एकमेकांत अडकतात.

मोगरा

यात मुलांचं वय निघून जात नाही का? मूल एकवीसचं होत आलं तर?

नोंदवही

अवलंबून मुलाचं वय २२च्या आत हवं, आणि ते पूर्ण अर्ज आयआरसीसीला मिळाल्याच्या तारखेला गोठतं. तपासणी कितीही लांबली तरी त्या कारणानं मूल बाद होत नाही. बाद होतं ते लग्न झालं किंवा कॉमन-लॉ नातं (लग्नाविना जोडीदार म्हणून एकत्र राहणं) सुरू झालं तर.

वाट पाहताना जन्मलेलं बाळ कळवलंच पाहिजे. कुटुंबातल्या ज्या माणसाची पीआर मिळेपर्यंत नोंद आणि तपासणी झाली नाही, त्याला पुढे फॅमिली क्लासमधून (कुटुंब प्रवर्गातून) आणता येत नाही. नियम ११७(९)(डी). फाइल आणखी लांबेल या भीतीनं बाळ लपवणं हा या धाग्यावरचा सगळ्यात महागडा उद्योग ठरेल.

तिसराकप

तोपर्यंत एकत्र राहायचा काही कायदेशीर मार्ग?

दोनआडनावं

पालकांसाठी सुपर व्हिसा. पीआरचा अर्ज प्रलंबित असताना मागता येतो. कायद्यातच म्हटलंय की कायमचं यायचा हेतू असणं हे तात्पुरतं येण्याच्या आड येत नाही, कलम २२(२). जुलै २०२२ पासून एका प्रवेशावर पाच वर्षांपर्यंत राहता येतं. किमान १ लाख डॉलरचा, एक वर्षाचा आरोग्य विमा, बोलावणाऱ्याच्या उत्पन्नाचा पुरावा, निमंत्रणपत्र, मेडिकल लागतं. अर्जात पीआरचा अर्ज लपवायचा नाही. उलट त्याचा क्रमांक देऊन लिहायचं की नकार आला तर परत जाऊ, आणि परत जायला घर-पेन्शन वगैरे आहे. सेवेचा तपशील ५६६९ शी शब्दशः जुळायला हवा. तात्पुरत्या व्हिसातही सुरक्षा तपासणी होऊ शकते, त्यामुळे हाही लगेच मिळेलच असं धरू नका.

पेन्शनर पालक नोव्हेंबरमध्ये कॅनडात असतील तर हयातीच्या दाखल्याची सोय आधी बघा. जीवन प्रमाण मोबाइलवर चेहरा ओळखून होतं, पण आधार आणि पेन्शन खात्यातली नावं जुळायला हवीत. पुन्हा नावच.

जोडीदारासाठी व्हिजिटर व्हिसा. अर्ज कॅनडाबाहेरच्या प्रवर्गातला असेल तर इथे येऊन राहिल्यानं तो थांबत नाही. कॅनडातल्या प्रवर्गात अर्ज असताना मात्र बाहेर जाताना दहा वेळा विचार करा. परत आत घेतीलच याची हमी नसते, आणि त्या प्रवर्गाची अट तर इथे एकत्र राहण्याची.

सुभेदारमेजर

याला जोडून, स्पॉन्सर भारतात जाऊन राहणार असेल तर. स्पॉन्सर कॅनेडियन नागरिक असेल तर बाहेर राहूनही जोडीदाराला स्पॉन्सर करता येतं, फक्त परतणार असल्याचं दाखवावं लागतं. स्पॉन्सर नुसता पीआर असेल तर त्यानं कॅनडातच राहत असायला हवं. भेटीला जाऊन येणं वेगळं. नोकरी सोडून, भाड्याचं घर सोडून आठ महिने सासरी राहिलात, तर तपासणी पास होऊनही अर्ज स्पॉन्सरच्या अपात्रतेवर पडू शकतो. इथला भाडेकरार, पगार, टॅक्स सगळं चालू ठेवा.

कुंपणावरचा

एका एजंटानं सांगितलं की तो 'सिक्युरिटी क्लिअर करून देतो'. पैसे काम झाल्यावर.

लालफीत

सोडा. सीबीएसए किंवा सीएसआयएसकडे अशी खिडकीच नाही. पैसे घेऊन सल्ला द्यायचा परवाना वकिलांना, किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या नोंदवहीत नाव असलेल्या सल्लागारांना. नाव तिथे ऑनलाइन तपासता येतं. आणि त्या सल्लागारालाही फेडरल कोर्टात उभं राहता येत नाही. कोर्टाचा विषय निघाला की वकीलच लागतो.

मोगरा

मँडेमसबद्दल सविस्तर लिहाल का कुणी? कधी करावं, आणि केल्यानं फाइलवर राग काढतात का?

बर्फवृष्टी

मँडेमस म्हणजे फेडरल कोर्टानं आयआरसीसीला 'निर्णय द्या' असा आदेश देणं. 'हो म्हणा' असा नव्हे. निर्णय नकाराचाही येऊ शकतो. म्हणून फाइलमध्ये खरोखर सुरक्षेचा प्रश्न असेल तर वकिलाशी आधी त्यावर बोला.

कोर्ट ज्या तीन गोष्टी बघतं त्या कोनिल खटल्यापासून चालत आल्यात. तोही विलंबाचाच खटला, नागरिकत्वाच्या अर्जातला. एक, अशा कामाला सहसा लागतो त्यापेक्षा विलंब जास्त आहे का. दोन, विलंबाला अर्जदार जबाबदार तर नाही. तीन, खात्यानं समाधानकारक कारण दिलंय का. 'सुरक्षा तपासणी चालू आहे' एवढंच मोघम कारण पुरेसं नाही असं कोर्टानं अनेकदा म्हटलंय. पण तपास गुंतागुंतीचा आहे हे खात्यानं तारखांनिशी दाखवलं तर कोर्ट थांबतंही.

दुसऱ्या मुद्द्यावर फार प्रकरणं लंगडी पडतात. मागवलेलं कागदपत्र चार महिने उशिरा दिलं, मेडिकलचं पत्र स्पॅममध्ये राहिलं, ५६६९ दोनदा दुरुस्त करावा लागला : हे सगळं खात्याचे वकील मांडणार. म्हणून पहिल्या दिवसापासून एक तक्ता ठेवा. तारीख, काय मागितलं, काय दिलं, कशानं दिलं, पोच कुठे. वकिलाचे निम्मे तास वाचतात.

क्रम साधारण असा. आयआरसीसी आणि सीबीएसएच्या ताज्या नोट्स. मग वकिलाकडून मागणीपत्र, त्यात बहुधा ३० ते ६० दिवसांची मुदत. उत्तर नाही आलं की कोर्टात परवानगीचा अर्ज, दाखल करायची फी ५० डॉलर. खरा खर्च वकिलाचा, तो आधी लेखी ठरवून घ्या : मागणीपत्रापर्यंत किती, दाखल करण्यापर्यंत किती, सुनावणी झाली तर किती. बरीच प्रकरणं सुनावणीपर्यंत जातच नाहीत. दाखल झाल्यावर न्याय खात्याचा वकील फाइल मागवतो आणि काहीतरी हलतं. राग काढण्याबद्दल म्हणाल, तर कोर्टात गेल्याची नोंद फाइलला लागते, पण त्या कारणानं नकार देता येत नाही. दिला तर तोच पुन्हा कोर्टात टिकणार नाही.

प्रोसेसिंग टाइम उलटून महिनाच झाला असेल तर घाई करू नका. कमकुवत प्रकरण नेलंत तर परवानगीच मिळत नाही.

पानवेल

आणि 'प्रोसीजरल फेअरनेस लेटर' आलं तर?

नोंदवही

तर हा धागा बंद करून त्याच दिवशी वकील गाठा. ते पत्र म्हणजे अधिकाऱ्याला नकाराचं कारण दिसतंय आणि निर्णयाआधी तो तुमचं म्हणणं मागतोय. पत्रातली मुदत छोटी असते. कागद गोळा करायला वेळ कमी पडणार असेल तर मुदत संपायच्या आत, कारण देऊन, लेखी वाढ मागा. कलम ३४, ३५ किंवा ३७खाली नकार आला तर स्पॉन्सरला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जायचा हक्क कलम ६४मुळे राहत नाही. फक्त फेडरल कोर्ट उरतं. म्हणून या पत्राचं उत्तर हीच खरी संधी.

तिसराकप

वाट बघणाऱ्यांनी रोजच्या व्यवहाराचं काय करावं, कुणी सांगेल का? नोकरीचा राजीनामा, घर विकणं, मुलांची शाळा.

दोनआडनावं

पासपोर्ट रिक्वेस्ट (व्हिसासाठी पासपोर्ट मागणारं पत्र) येईपर्यंत काहीही न परतवता येणारं करू नका. राजीनामा नाही, घराची विक्री नाही, शाळेचा दाखला काढणं नाही. नोकरीत नोटिशीचा काळ तीन महिन्यांचा असेल तर वरिष्ठांशी तो कमी करून घेण्याबद्दल आधी बोलून ठेवता येतं. भाडेकरार अकरा महिन्यांचा करताना दोन महिन्यांच्या नोटिशीची अट घाला. मुलांना पुढच्या इयत्तेत नेहमीसारखं घाला. ट्रॅकर बघायला महिन्यातला एक दिवस ठरवा, आणि स्पॉन्सर-अर्जदारांपैकी एकानंच बघायचा. दोघांनी बघितलं की रोज रात्रीचा फोन त्यावरच जातो. पण ईमेल मात्र रोज बघा, स्पॅमसकट, कारण मुदत तिथून सुरू होते.

मोगरा

शेवटचा प्रश्न. सिक्युरिटी पास झाली आणि पासपोर्टला सातच महिने उरलेत. आता नूतनीकरण करावं की नंतर?

लालफीत

पासपोर्ट रिक्वेस्ट आली नसेल तर आत्ताच करा, आणि नवा हातात पडताच पहिल्या-शेवटच्या पानाची प्रत वेबफॉर्मनं पाठवा. पीआर व्हिसा आणि सीओपीआरची (कायमच्या वास्तव्याची पुष्टी करणाऱ्या कागदाची) मुदत पासपोर्ट आणि मेडिकल यांपैकी जे आधी संपतं त्याला बांधलेली असते, आणि सीओपीआरला मुदतवाढ मिळत नाही. रिक्वेस्ट आधीच आली असेल तर मात्र जुना पासपोर्ट नूतनीकरणाला टाकण्याआधी त्यांना लिहून विचारा. नाहीतर त्यांच्या मुदतीत द्यायला पासपोर्टच हातात नसेल. जुना रद्द झालेला पासपोर्ट फेकून देऊ नका, त्यातले शिक्के प्रवासाच्या यादीशी ताडायला लागतात.